लोणच्यासाठी लिंबू मृग बहाराचे धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून लिंबाच्या लोणच्याच्या कृती येऊ लागतात. माप वाटी-चमच्याचे, मीठ 'चवीनुसार', आणि शेवटी 'आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवावे'. खानदेशात ही कृती जशीच्या तशी केली की साल चिवट राहते, खार काळपट पडतो, नाहीतर वर बुरशी येते. मग 'हिच्या हाताला लोणचे लागत नाही' असे घरात बोलले जाते. हा अन्याय आहे. लोणच्याचा अर्धा निकाल झाडावर लागलेला असतो आणि उरलेला अर्धा आपल्याकडच्या उन्हावर आणि पाण्यावर ठरतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे परसात, विहिरीजवळ, बांधावर कागदी लिंबाचे एखादे झाड पुष्कळांकडे असते. त्या एका झाडाबद्दल आणि त्याच्या फळाबद्दल आम्ही सविस्तर लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, पण कृपया काटछाट करू नये.

लिंबाला वर्षात तीन बहार येतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत आणि हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. फुलापासून फळ तयार व्हायला पाच ते सात महिने लागतात. म्हणजे आंबियाचे लिंबू भर पावसाळ्यात हाती येते, मृगाचे डिसेंबर-जानेवारीत आणि हस्ताचे एप्रिल-मेमध्ये. बागायतदार हस्ताच्या मागे असतो, कारण उन्हाळ्यात भाव मिळतो. त्याच्या जागी ते बरोबरच आहे. घरच्या झाडाचे लिंबू मात्र विकायचे नसते, बरणीत घालायचे असते, त्यामुळे त्याचा हिशोब वेगळा. आमच्या मते खानदेशात लोणच्यासाठी मृग बहारासारखा बहार नाही. थंडीच्या रात्रींनी सालीतला हिरवा रंग उतरतो आणि फळ झाडावरच छान पिवळे होते. पावसाळ्यातल्या आंबियाच्या फळाला तो रंग सहसा येत नाही, शिवाय हवेतल्या दमटपणामुळे बरणी नासण्याची भीती. डिसेंबर-जानेवारीचे ऊन सौम्य आणि हवा कोरडी. लोणचे सावकाश मुरते आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ताटात वाढण्याजोगे होते.

मृग बहार हवा असेल तर झाडाला ताण द्यावा लागतो. एप्रिलच्या अखेरीपासून पाणी कमी करत न्यावे आणि मेच्या मध्यापासून पूर्ण तोडावे. काळ्या जमिनीत ओल दीर्घकाळ टिकते, म्हणून ताण बसायला महिना-सव्वा महिना लागतो. मुरमाड जमिनीत तो पंधरा-वीस दिवसांतच बसतो. पाने निस्तेज होऊन वळली आणि त्यांतली पाव हिस्सा पिवळी पडून गळू लागली की ताण पुरे झाला. त्यापुढे ताणू नये. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि त्या उन्हात जास्त ताणलेल्या झाडाच्या फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. एवढ्यात पाऊस आला तर उत्तम. मृग कोरडा गेला तर हलके पाणी सुरू करावे, पहिल्याच दिवशी आळे तुडुंब भरू नये. झाडावर आंबियाची लहान फळे असतील तर ताणात त्यांतली बरीच गळतील, ते मान्य करावे. एका झाडाकडून दोन्ही बहार मागितले तर एकही धड मिळत नाही. चार वर्षांखालच्या झाडाला ताण देऊच नये.

ताण सोडताना मोठ्या झाडाला दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड द्यावी. खत खोडाशी टाकून उपयोग नाही. अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या फांद्यांच्या घेराखाली असतात. तिथे गोल चर काढून खत मातीआड करावे. कुदळ चार बोटांपेक्षा खोल जाऊ देऊ नये, लिंबाची मुळे उथळ असतात आणि तुटली की फूल गळते.

आता जमिनीबद्दल. तापी-गिरणेच्या काठची काळी माती केळीला मानवते. लिंबाला तिच्यात दोन अडचणी येतात, एक पाण्याची आणि दुसरी चुन्याची. पाणी साचले की खोडाच्या बुंध्याशी साल फुटून डिंक वाहू लागतो. याला डिंक्या म्हणतात. ही मातीतल्या बुरशीची करणी असते आणि बुरशीला ओले खोड लागते. म्हणून आळे दुहेरी करावे. खोडाभोवती हातभर रुंद मातीचा उंचवटा, त्याबाहेर पाण्याचे आळे. पाणी खोडाला कधीच शिवता कामा नये. मेअखेर आणि पुन्हा ऑक्टोबरात बुंध्यापासून ३ फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी थोडा घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, शिळे चालत नाही. हीच पेस्ट उन्हाळ्यात खोडाची साल भाजण्यापासूनही वाचवते.

चुन्याची परीक्षा घरच्या घरी होते. मूठभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळावे. फेस उठून चरचर आवाज आला तर जमिनीत चुनखडी जास्त आहे. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी. पाने लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे ठिपके असतील तर जस्त कमी. जमिनीत टाकलेले औषध चुना बांधून ठेवतो, म्हणून ते पानांवरच फवारावे. लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरी गेलेला (पाण्यात विझवलेला) चुना. लोहासाठी लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट, वेगळ्या दिवशी. दोन्ही फवारण्या नवी पालवी अर्धी उमलली असतानाच, सकाळी किंवा संध्याकाळी. जुन्या, निबर पानावर फवारून काही हाती लागत नाही.

नवे झाड लावणाऱ्यांनी मे महिन्यात २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून तापू द्यावा. तो शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलेल्या मातीने जमिनीच्या वर चार बोटे येईल असा भरावा आणि पावसाने माती दबली की रोप लावावे. भिंतीपासून निदान ८-१० फूट अंतर ठेवावे. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक रोपे निघतात आणि त्यांतली बहुतेक आईच्या झाडासारखीच असतात, म्हणून बियांपासूनचे रोपही चालते. पहिल्या फळाला चार-पाच वर्षे धरावीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे साई शरबती आणि फुले शरबती हे वाण घरासाठी चांगले. कलम घेतले असेल तर जोड जमिनीपासून वीतभर वर राहिलाच पाहिजे आणि जोडाखालून फुटलेला प्रत्येक कोंब दिसताक्षणी काढावा. लिंबाची कलमे पुष्कळदा जंबेरी या दुसऱ्या जातीच्या लिंबाच्या खुंटावर बांधतात. तो कोंब वाढू दिला तर दोन-तीन वर्षांत तोच झाड होऊन बसतो आणि जाड, खडबडीत सालीची फळे येऊ लागतात. 'झाड बिघडले' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी अनेकदा हाच कोंब असतो.

मृग बहाराचा एक दोष झाकून ठेवणे बरे नाही. त्याची फळे पावसात वाढतात, त्यामुळे खैऱ्या जास्त येतो. पाने, फांद्या आणि फळांवर खरबरीत तपकिरी खवले दिसतात, तोच हा रोग. नागअळीने पानावर नागमोडी रेघा काढल्या की त्या जखमांतून खैऱ्या शिरतो, म्हणून आधी नागअळी आवरावी. नवी पालवी आली की ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रोगट फांद्या कोरड्या हवेत, एप्रिलमध्येच छाटून जाळाव्यात. पावसात छाटणी केली की रोग पसरतो. पावसाळ्यात उघडीप बघून लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. लोणच्यात आपण सालच खातो, हे फवारणी करताना सतत ध्यानात असावे. ऑक्टोबरनंतर ताम्रयुक्त औषध बंद करावे आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारे, कीटकनाशक घरच्या झाडावर आणूच नये. पाने कुरतडणारी फुलपाखराची अळी हाताने वेचता येते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. शेजारी कढीपत्ता किंवा बेल असेल तर तिथेही बघावे.

ऑक्टोबरपासून काढणीपर्यंत पाणी नियमित हवे. पाऊस गेल्यावर महिनाभर विसरून एकदम भरपूर पाणी दिले की फळे तडकतात, कारण आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. आळ्यात केळीच्या वाळल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन घालावे, खोडापासून हातभर दूर.

काढणीत लोक सर्वांत जास्त घाई करतात. लिंबू ओढून तोडले की देठाशी साल फाटते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. काठीने झोडपलेले, जमिनीवर पडलेले फळ सरबताला घ्यावे, बरणीत घालू नये. कात्रीने देठाचा बारीक ठिपका ठेवून कापावे. गर्द हिरव्या लिंबाची साल कडू आणि टणक असते, तर झाडावर मऊ पडलेल्याचे लोणचे लगदा होते. साल गुळगुळीत, चकचकीत, फिकट पिवळी झालेली आणि अंगठ्याने दाबल्यावर किंचित लवचीक वाटली की वेळ झाली. दव वाळल्यावर, दहानंतर काढावे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी काढू नये. तेव्हा साल पाण्याने तट्ट भरलेली असते, जराशा दाबाने तिच्यातल्या तेलाच्या पेशी फुटतात आणि तिथे डाग पडतात. काढलेली लिंबे सावलीत एका थरात दोन दिवस पसरून ठेवावीत. साल थोडी सैलावते आणि कापायला सोपी जाते.

आता बरणी. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड, काहीही नको. लिंबाचा रस ते खातो आणि लोणच्याला कळकट चव येते. चिनी मातीची किंवा काचेची बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी. लिंबे धुऊन, पुसून, कापडावर चार-पाच तास वाळू द्यावीत. ओल राहिली तर बुरशीला आमंत्रण. खैऱ्याचे खवले असलेली फळे बाजूला काढून रसासाठी वापरावीत.

१ किलो लिंबांना, म्हणजे मध्यम आकाराच्या २२ ते २५ फळांना, २०० ग्रॅम मीठ घ्यावे, आणि ते तोलूनच. एक वाटी खडे मीठ आणि एक वाटी बारीक मीठ यांच्या वजनात बराच फरक असतो. वाटीच्या मापाने लोणचे बिघडते ते इथे. आपल्या पुरवणीत कृती छापताना मीठ, साखर आणि लिंबू यांची वजने ग्रॅममध्ये द्यावीत, ही या पत्रातली आमची मुख्य विनंती आहे. फळाच्या वजनाच्या १५ टक्क्यांखाली मीठ गेले तर बुरशीचा धोका वाढतो.

लिंबाच्या आठ फोडी करून सर्व बिया काढाव्यात. राहिलेली बी मुरताना कडूपणा सोडत राहते. मीठ आणि दोन चमचे हळद चोळून बरणीत भरावे. फोडी बुडल्या पाहिजेत, म्हणून आणखी पाव किलो लिंबांचा रस वरून घालावा. ही कसर बहुतेक जण करतात आणि बहुतेक बरण्या त्यामुळेच नासतात, कारण खाराच्या वर उघडी राहिलेली फोड आधी बुरशी धरते. बरणी पाऊण भरावी, तोंडाला दादरा बांधावा. पहिला आठवडा दिवसातून दोनदा हलवावी. डिसेंबर-जानेवारीत दहा ते चारच्या उन्हात ठेवून संध्याकाळी घरात घ्यावी. उन्हाळ्यातच घालायचे असेल तर सकाळी दोन तास बास. मेच्या उन्हात धाब्याच्या छतावर दिवसभर ठेवलेल्या बरणीत खार आटतो, वरच्या फोडी वाळतात आणि आंबट रस उष्णतेने काळपट पडतो. लोणचे मुरवतात ते मीठ, आंबटपणा आणि दिवस. उन्हाची त्याला फक्त मदत होते.

थंडीत साल मऊ व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, उन्हाळ्यात तीन-चार. फोड चिमटीत दाबावी. साल सहज तुटली आणि आतला पांढरा भाग पारदर्शक झाला असेल, तर ती तयार आहे. तोपर्यंत गूळ-साखर घालू नये, कितीही घाई असली तरी. साखर सालीतले पाणी ओढून घेते. कच्ची साल त्यामुळे आक्रसून चिवट होते आणि मग ती वर्षभर मुरवली तरी मऊ होत नाही. मसाल्यांवर कितीही वाद घाला, पण हा क्रम मोडू नका.

साल मऊ झाली की निम्मे लोणचे तसेच मिठाचे ठेवावे. ते वर्षानुवर्षे टिकते, रंगाने गडद होत जाते. उरलेल्यातील प्रत्येक किलोला ७०० ते ८०० ग्रॅम साखर, तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत घालावी. एकदम घातली तर फोडी आकसतात. लाल तिखट ४० ग्रॅम, भाजलेल्या मेथीची पूड एक चमचा, हिंग आवडीप्रमाणे. गूळ वापरायचा तर किसून थेट घालावा. पाण्यात विरघळवून गाळला असेल तर पुन्हा एकतारी पाक होईपर्यंत आटवून, पूर्ण गार करून मगच घालावा. गुळातले पाणी राहिले की महिन्याभरात बुडबुडे येतात आणि दारूसारखा वास सुटतो.

बिघाड ओळखता आला पाहिजे. पातळ पांढरा थर असेल तर तो वरच्या फोडींसह काढून टाकावा आणि मीठ घातलेला लिंबाचा रस ओतून बाकीच्या फोडी बुडवाव्यात. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्यावी, कारण तिचे धागे खालपर्यंत गेलेले असतात. गोड लोणच्याचा खार जेलीसारखा थिजला तर घाबरू नये. सालीतले पेक्टिन, साखर आणि आंबटपणा एकत्र आले की ते होणारच, थोडा लिंबाचा रस घालून हलवले की खार सुटतो.

परसात जाड सालीचे ईडलिंबू असेल तर त्याचे मार्मालेड करावे. १ किलो फळांची साल बारीक चिरून, गर आणि रसासह २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. बिया फेकू नयेत, पेक्टिन त्यांच्यातही भरपूर असते. पातळ कापडात त्यांची पोटली बांधून त्याच पातेल्यात सोडावी. साल फार कडू वाटली तर आधी एकदा उकळून पाणी ओतून द्यावे. सकाळी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजवावे. साल बोटांनी चेचली जाईपर्यंत साखर घालायची नाही, कारण इथेही तोच नियम. बोअरचे जड पाणी या कामाला घेऊ नये. त्यातला चुना सालीतल्या पेक्टिनला बांधतो आणि साल तासन्‌तास शिजूनही टणक राहते. साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे. पोटली पिळून काढावी, १ किलो साखर घालून विरघळवावी आणि मग मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावे. थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंशांवर उतरवावे. नसेल तर फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटलीवर थेंब टाकून बोटाने सरकवावा, सुरकुती पडली की झाले. त्यापुढे उकळत ठेवले तर रंग तपकिरी होतो आणि चव जळकी लागते. दहा मिनिटे थांबून, साल तळाशी बसू नये म्हणून एकदा हलवून, गरम बाटल्यांत भरावे.

आपले,
परसात लिंबू लावणारे आणि लोणचे घालणारे काही वाचक,
पाचोरा-भडगाव परिसर, जि. जळगाव